पितळ उघडं पडलं

गेली पस्तीसेक वर्षं मी नांदेडच्या एका दैनिकात गाण्याबजावण्यावर लिहितो. माझ्या नावाखाली 'संगीत समीक्षक' असं छापून येतं. हे पद मला कसं मिळालं ते सांगण्यासारखं नाही, म्हणूनच सांगतो. त्या वेळच्या संपादकांना एका मैफिलीचा पास आला होता आणि नेमकी त्याच रात्री त्यांच्या घरी सासुरवाडीची माणसं यायची होती. पास वाया जाऊ नये म्हणून तो त्यांनी मला दिला आणि "आल्यावर चार ओळी लिहून टाका" म्हणाले. मी चाळीस लिहिल्या. पानावर जागा रिकामी होती, त्या छापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वजिराबादेत दोन-तीन लोकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसाला निराश करणं माझ्या स्वभावात नाही.

समीक्षेला कानांपेक्षा शब्द जास्त लागतात, हे मला लवकरच कळलं. त्या शब्दांचा एक डबाच मी करून ठेवला आहे. गायकाचा आवाज बसलेला असला तर 'अनुभवसंपन्न'. फाटत असला तर 'धारदार'. तबलजी पुढे पळाला तर 'जोशपूर्ण साथ', मागं राहिला तर 'संयत'. आणि सुरुवातीचं वाक्य तर ठरलेलंच : 'तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार झंकारला आणि सभागृह भारून गेलं.' तंबोरा जुळवतात सा आणि प या सुरांना. पण तो उत्तम लागला की न छेडलेला गंधारही त्यातून ऐकू येतो, असं जाणकार सांगतात. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं याची मोजदाद नाही. गंधार मला ऐकू आला होता का, हे मात्र मोजता येतं. एकदाही नाही. 'संगीत शंकर दरबारा'ला मोठमोठे कलावंत नांदेडला येतात तेव्हा मी पुढच्या पाच रांगांत बसून तो गंधार शोधतो आणि शेवटी डब्यातून काढतो.

तर मागच्या माघात संपादकांचा फोन आला. (हे संपादक नवे. माझ्या मुलाच्या वयाचे.) "सर, कॉलेजात तीन दिवसांची ब्रासची कार्यशाळा आहे. मुंबईहून व्यावसायिक वादक यायलेत. तुम्ही तीन दिवस जा आणि सविस्तर लिहा."

मी घरात सांगितलं. सौ. भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "ब्रास म्हणजे?"

"पितळी वाद्यं. ट्रम्पेट, युफोनियम वगैरे."

"म्हणजे बँडवाले," ती म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली. "त्यांच्यावर काय लिहायचं असतं?"

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. बँड म्हणजे लग्नाच्या दारात वाजतो तो. माझ्या स्वतःच्या लग्नात बँड होता. त्यानं काय वाजवलं ते मला आठवत नाही; त्याचे पैसे देताना वडिलांनी किती घासाघीस केली ते आठवतं. बँडवाल्यांची पंगत शेवटी बसायची, तीही मांडवाबाहेर. पस्तीस वर्षं संगीतावर लिहिणाऱ्या मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. केशवसुतांनी १८९३ साली 'तुतारी' लिहिली. ती आपण शाळेत पाठ करतो, आणि कुणी खरोखरच दारात येऊन तसलं काही फुंकायला लागलं की खिडक्या लावून घेतो.

कॉलेजचं नाव देत नाही. प्राचार्य माझ्या ओळखीचे आहेत आणि ती ओळख मला टिकवायची आहे. सभागृहात बावीस विद्यार्थी होते. नऊ एन. सी. सी.च्या बँडचे, सहा लातूरहून आलेले, दोन हजेरी मिळते म्हणून आलेले. उरलेले पाच जण मागच्या रांगेत कडेला बसले होते. हे पाच लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होते आणि दिवसा बी. ए. करत होते. लातूरकरांतले दोघं मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारे. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत वहीला समास आखले. 'लातूर पॅटर्न' म्हणतात तो हा. पुढं तीन दिवस ते दोघं प्रत्येक गोष्ट लिहून घेत होते. वाजवायला सांगितलं की तेवढं राहत होतं.

वाद्यांची अवस्था पाहण्यासारखी होती. आपल्याकडची बँडची वाद्यं बहुतेक मेरठची. तिथल्या जलीकोठीत बँडची वाद्यं बनवणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. मेरठहून निघताना ती सरळच असणार. इथवर येईतो एका ट्रम्पेटला इतके पोचे पडले होते की ते वाद्य की उन्हाळी शिबिरातला जेवणाचा डबा, हे ठरवावं लागलं असतं. एका युफोनियमची कळ खोबरेल घालून चालू ठेवली होती. थंडीत खोबरेल गोठलं की युफोनियमही गोठायचं.

पाहुणे दोघं. एक मुंबईचे ट्रम्पेटवादक, वय सत्तरीच्या पुढं, मूळ गोव्यातल्या सासष्टीचे. हयात सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेली. दुसरे फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले सुभेदार. पचमढीला फौजेचं संगीताचं शिक्षण होतं, तिथं तयार झालेले. त्यांचं वाद्य युफोनियम. ते मांडीवर घेऊन बसले की नातवाला घेऊन बसल्यासारखे दिसत.

उद्घाटन एक तास चाळीस मिनिटं चाललं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय, परिचयाचा परिचय. प्रमुख पाहुण्यांनी, "सॅक्सोफोनसारखी पितळी वाद्यं म्हणजे पाश्चात्त्यांची देणगी," असं सांगून दोन वाक्यांत दोन घोटाळे केले. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं असतं खरं, पण त्याचा आवाज तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातीतून निघतो. म्हणून अडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून त्याची गणती क्लॅरिनेटच्या कुळात होते. पितळी वाद्य म्हणायचं ते ज्यात माणसाचे ओठच थरथरतात त्याला. आणि फुंकायची धातूची नळी म्हणाल तर आपलं शिंग, आपली तुतारी साहेबाच्या आधीपासून इथं आहे. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. ट्रम्पेटवाले सर मात्र खाली मान घालून ओठांवरून हळूच जीभ फिरवत होते. सकाळी तासभर सराव करून ओठ गरम केले होते, ते भाषणांनी गार झाले, असं नंतर म्हणाले. एवढा एकच निषेध त्यांनी नोंदवला.

मग शिकवणं सुरू झालं आणि मुलांची घोर निराशा झाली. पहिला सबंध दिवस पाहुण्यांनी वाद्याला हात लावू दिला नाही. सुभेदारांनी रद्दीतले वर्तमानपत्राचे कागद फाडून प्रत्येकाला चतकोर तुकडा दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कागद भिंतीला लावायचा, हात काढायचा आणि नुसत्या फुंकेनं तो पडू द्यायचा नाही. "पोटातून! छाती फुगवू नको. लग्नाला उभा आहेस का?" बावीस मुलं भिंतीवर फुंकर घालत उभी. मी जवळ जाऊन पाहिलं तर एका तुकड्यावर माझंच नाव. 'तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार झं' एवढंच शिल्लक होतं. माझ्या समीक्षेसाठी कुणी इतका श्वास खर्च केल्याचं मी प्रथमच पाहत होतो. दहाव्या सेकंदाला तीही खाली पडली.

ट्रम्पेटवाल्या सरांची तऱ्हा निराळी. ते गायला लावत. "पयलें गा, मागीर वाजव," हे त्यांचं पालुपद. 'मागीर' म्हणजे नंतर, ही कोकणी. लातूरच्या एकानं वहीत लिहून घेतलं : 'राग मागीर'. पुढं आरोह-अवरोहाला जागा सोडली होती. ती तीन दिवस कोरीच राहिली.

मधल्या चहाला मी त्यांच्यापाशी बसलो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना सुरांची अक्षरओळख, व्हायोलिन आणि फुंकायची वाद्यं शिकवत. तिथून बाहेर पडलेली मुलं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाला वाद्यवृंद मिळाला. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांतलेच, फ्रँक फर्नांड आणि ख्रिस पेरीही त्यांतलेच. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा १९५१चा 'अलबेला' आठवा. त्या गाण्यांत जो ट्रम्पेट ठुमकतो त्यामागं चिक चॉकलेटची संगत आहे. "गावच्या मेस्तानं मला एक वर्ष नुसतं गायला लावलं," सर म्हणाले. "मी रडलो. त्या एका वर्षावर पुढं पन्नास वर्षं जेवलो."

मला एकदम मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची आठवण झाली. रविशंकर, अली अकबर ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते हे गुरू तरुणपणी कलकत्त्यात क्लॅरिनेट आणि कॉर्नेट शिकले होते, आणि १९१८ साली अनाथ पोरांना गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. खाँसाहेबांना बँडची लाज वाटली नव्हती. मग ती मला कुठून आली, हा प्रश्न चहाबरोबर गिळावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्यं हातात आली. सरांनी आधी ट्रम्पेटचं गणित सांगितलं. सुमारे दीड मीटर लांबीची नळी गुंडाळलेली, आणि तिला तीन कळा. मधली दाबली की सूर अर्ध्या पायरीनं उतरतो, पहिलीनं एक, तिसरीनं दीड. उरलेलं सगळं ओठांनी. एकही कळ न दाबता ओठ आवळत गेलं की क्रमानं सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प मिळतात. बिगुलाला कळाच नाहीत, म्हणून त्याच्याजवळ एवढेच सूर. आमचे पेटीवाले सर बाजूलाच बसले होते. त्यांनी विचारलं, "पण पट्टी कुठली?"

"बी फ्लॅट."

"म्हणजे काळी पाच!" पेटीवाले सर अशा आनंदानं ओरडले, जणू भर परगावी शेजारच्या गल्लीतला माणूस भेटला. त्या क्षणापासून ट्रम्पेट आमचा झाला.

मग सरांनी सुभेदारांना खालचा सा धरायला सांगितला. एन. सी. सी.च्या पोरांना त्यावरचा सा, आणि इतरांना प. पहिल्या खेपेला रेल्वे फाटकात ट्रक अडकल्यासारखा आवाज आला. "मोठ्यानं नको. शेजाऱ्याला ऐकू येईल एवढंच," सर म्हणत होते. एन. सी. सी.ची पोरं मैदानावर वाजवणारी. त्यांना हळू म्हणजे काय ते कळेना. प डगमगत होता. मग मागच्या रांगेतल्या, लग्नाच्या बँडमधल्या एका मुलानं तो प उचलला. हाच तो पोचेवाला ट्रम्पेट. सूर इतका हलका आणि सरळ लागला की बाकीचे त्याला टेकून उभे राहिले. "आता ग कुणी वाजवू नका," सर कुजबुजले. "नुसतं ऐका."

आणि मला ऐकू आला.

कुणीही वाजवत नव्हतं, तरी छताच्या जवळपास कुठंतरी गंधार होता. स्वच्छ, बारीक, स्वतःहून आलेला. तंबोरा आणि पितळेची नळी, दोघांनाही निसर्गाचा कायदा एकच : सा नीट लागला की त्याच्या पोटात गंधार असतोच. पस्तीस वर्षं ज्याच्या नावावर मी मानधन घेतलं तो गंधार मला एन. सी. सी.च्या पोरांनी आणि एका पोचे पडलेल्या मेरठी ट्रम्पेटनं ऐकवला. पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच. ते वाद्यांचं मात्र नव्हतं.

पण खरी गंमत पुढंच झाली. सरांनी त्या मुलाला विचारलं, "तू काय वाजवतोस? तुझं वाजव." मुलगा लाजला. मग त्यानं लग्नात वाजवतात त्यातलीच एक धून धरली. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना त्यानं कळ पुरती दाबली नाही; अर्धीच दाबून धरली, आणि सूर घसरत, लाडात येत, मिंडेनं वर गेला. सरांनी हात वर केला. "थांब. परत कर."

"चुकलं का सर?"

"परत कर रे बाबा. बोटं बघू दे."

अर्ध्या कळेची युक्ती जगाला ठाऊक आहे, जाझवाले ती करतात. पण हा पोरगा तिनं गाण्यातली मींड काढत होता, लयीत, आणि प्रत्येक वेळी सूर बरोबर ठिकाणी उतरत होता. "हे कुणी शिकवलं?" "बापानं क्लॅरिनेटवर काढलेलं, मी ह्याच्यावर बसवलं." सत्तरी उलटलेल्या त्या माणसानं आपला ट्रम्पेट उचलला, मुलाच्या शेजारी खुर्ची ओढली आणि शिकायला बसला. चार वेळा चुकला. पाचव्यांदा साधलं तेव्हा पोरगा म्हणाला, "आता आलं बघा, सर." सभागृहात कोण पाहुणा आणि कोण विद्यार्थी ते वीसेक मिनिटं कळत नव्हतं. तीन दिवसांतली सर्वोत्तम मैफल ती.

बाराच्या सुमाराला तो मुलगा ट्रम्पेट पिशवीत घालून दाराकडे निघाला. संयोजकांनी अडवलं : "तीन दिवस पूर्ण हजर नसेल तर सर्टिफिकेट मिळणार नाही." तो "बरं" म्हणाला आणि गेला. मलाही निघायचं होतं. त्याच संध्याकाळी लातूरला माझ्या पुतण्याचं लग्न, गोरज मुहूर्ताचं. सौ. आदल्या दिवशीच पुढं गेली होती आणि "समीक्षा करत बसा" एवढंच बोलली होती. एस. टी. स्टँडवर तोच मुलगा लातूरच्या गाडीत खिडकीशी. बसलो शेजारी.

लोह्यापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, लातूरच्या पार्टीत ट्रम्पेटवाला कमी पडलाय, सुपारी आधीच घेतलेली, आठशे रुपये मिळतात. "मालकाला नाही म्हणलं तर सराईभर बोलवत न्हाई, सर."

"सर्टिफिकेट बुडालं तुझं."

"सर्टिफिकेटाचं काय करायलाव? एक इचारू? त्यायनं मला म्हणलं, 'तू काय वाजवतोस?' असं आजवर कुणीच इचारलं न्हवतं. लोक इचारतात, 'किती घेतोस?'" अहमदपूरला त्यानं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. लातूर जवळ आल्यावर मोबाईल काढून पत्ता दाखवला. कार्यालयाचं नाव वाचून मी दचकलो. सुपारी माझ्याच पुतण्याच्या लग्नाची होती.

परण्या निघाला. पुढं बँड, मागं डीजेची गाडी. अकरा माणसं जीव तोडून फुंकत होती आणि मागची गाडी त्यांना गिळत होती. मी फेटा बांधून वरबापाशेजारी. मारुतीच्या देवळाशी नवरदेव दर्शनाला आत गेला आणि डीजेचा जनरेटर बंद पडला. एकदम शांतता. आणि त्या शांततेत पोचेवाल्या ट्रम्पेटचा एक लांब सूर उठला. हळू. काळी पाचचा सा. मग प. मग अर्ध्या कळेवरून घसरत वरचा गंधार. माझी थोरली वन्सं म्हणावी तशी एक म्हातारी ओवाळणीचं ताट हातात घेऊन वळली आणि तशीच थांबली. दहा सेकंद असतील.

"ओ बँडवाले, झोपलाव का? नागीन घ्या नागीन!" नवरदेवाचे मित्र ओरडले. मालकानं डोळे वटारले. पोरानं ट्रम्पेट आकाशाकडे केला आणि 'नागिन' सुरू झाली. १९५४च्या सिनेमातली ती पुंगीची धून मुळात पुंगीवरची नाहीच. कल्याणजींनी ती क्लाव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. ही माहिती माझ्याजवळ होती. शब्दांचा अख्खा डबा माझ्याजवळ होता. मी नवऱ्यामुलाचा काका होतो. त्या गर्दीत "थांबा, त्याला वाजवू द्या" म्हणण्याचा अधिकार असलेली जी चार माणसं होती त्यांत मी एक. मी काय केलं? कुणीतरी हात ओढला आणि मी दोन पावलं नाचलो. रुमाल तोंडात धरून. त्याचा व्हिडिओ आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला परतलो तेव्हा समारोप चालू होता. सरांनी हायडनच्या ट्रम्पेट कन्चेर्टोचा संथ भाग वाजवला, कीबोर्डच्या साथीवर. हे १७९६ सालचं काम. तोवर ट्रम्पेट म्हणजे लढाई आणि दरबार. व्हिएन्नाच्या अँटोन वायडिंगर या वादकानं भोकांवर झाकणं बसवलेला नवा ट्रम्पेट वापरला, आणि हायडननं त्याच्यासाठी हे लिहिलं. ज्या वाद्याला सगळे ओरडायला लावत होते त्याला एका म्हाताऱ्यानं गायला लावलं. सरांचा वरचा सूर एकदा तडकला. डब्यातला शब्द 'धारदार' मी वापरणार नाही. तडकला, आणि त्यांनी पुढचा सूर त्याहून हळू घेतला, हे मी लिहितो.

आता समीक्षा. पाहुण्यांचं चुकलं काय? मुलांना 'तुझं वाजव' हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. पहिल्या तासाला विचारायला हवं होतं. हायडन कोण हे आधी सांगायला हवं होतं. दोघं-तिघं त्याला वाद्याची कंपनी समजत होते. सुभेदारांच्या धाकानं काही पोरांचा श्वास वाढण्याऐवजी अडकला. साधलं काय? त्यांनी फुंकणाऱ्यांना ऐकायला शिकवलं. तीन दिवसांत ओठ तयार होत नाहीत; कान उघडू शकतात. आणि कॉलेजचं? पाहुण्याच्या काठीनं साप मारायची आपली जुनी खोड. पाहुणे गेले, वाद्यं कपाटात गेली, कपाटाची चावी क्रीडा विभागाच्या शिपायाकडे गेली. ज्या पोरानं पाहुण्याला शिकवलं तो त्याच कॉलेजात बी. ए.च्या बाकावर बसतो. आठवड्यातून एक तास मानधन देऊन त्याला एन. सी. सी.च्या पोरांसमोर उभं केलं तर पुढच्या वर्षी मुंबईचं भाडंही वाचेल आणि पाहुणे आलेच तर त्यांना इथं काहीतरी सापडेल.

सर्टिफिकेटं वाटली. बावीसपैकी एकवीस. हजेरीसाठी आलेल्या दोघांनाही मिळाली. मी संयोजकांशी बोललो. नियम नियम असतो, असं त्यांनी मला नियमाप्रमाणे सांगितलं. सर आपली पुस्तकं बांधत होते. त्यांत आर्बाँचं कॉर्नेटचं पुस्तक होतं. १८६४ सालचं हे पुस्तक ट्रम्पेटवाल्यांचं बायबल; त्यांची प्रत पार खिळखिळी. त्यांनी एक पान उघडून दाखवलं. समासात पेन्सिलीनं दोन ओळी सूर लिहिले होते, खाली 'हाफ व्हॉल्व्ह, नांदेड', तारीख आणि त्या मुलाचं नाव. त्या कार्यशाळेतलं खरं सर्टिफिकेट तेवढंच, आणि ते ज्याचं त्याला दिसलेलं नाही.

हे सगळं मी लिहून दिलं. एकही शब्द डब्यातला नव्हता. रविवारी पेपर उघडला तर एका शोरूमची अर्धं पान जाहिरात, आणि तिच्या पायाशी चार ओळी : 'ब्रास कार्यशाळा उत्साहात संपन्न.' पस्तीस वर्षांपूर्वी चारच्या चाळीस झाल्या होत्या, तो हिशेब फिटला. म्हणून आज इथं एवढं लिहिलं.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत लग्न होतं. बँड आला, दारासमोर उभा राहिला. सौ. खिडकी लावायला उठली, तिला मी थांबवलं आणि खाली गेलो. मालकाला म्हटलं, "एक गाणं हळू वाजवाल? अगदी हळू. ऐकायचंय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागं वळून ट्रम्पेटवाल्याशी, क्लॅरिनेटवाल्याशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, "हळू वाजवायला दम जास्ती लागतो, साहेब. त्याचे पैसे येगळे पडतील."

घासाघीस केली नाही. दिले.